सरांचे सव्वीस पेपर, मॅडमचे तीन

पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

‘सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींची शाळा नेमकी कधी आणि का सुटते, हा माझा विषय. पीएच.डी. झाली, त्यानंतर तीन पेपर झाले. आमच्याच विभागातल्या सरांचे सव्वीस आहेत. नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तयारी सुरू झाल्यापासून स्टाफरूममध्ये माझ्या तीन पेपरांचा विषय निघतो. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांनी एका “इंटरनॅशनल जर्नल”चा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिलाय. दीड हजार रुपये, तीन दिवसांत पेपर, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, वर सर्टिफिकेट. घरचे म्हणतात, टाकून दे, सगळेच टाकतात. सर, संशोधन चांगलं की वाईट हे खरंच कोण ठरवतं? आणि ठरवून कुणाला काय फरक पडतो? जाता जाता आणखी एक: माझी एक विद्यार्थिनी पीएच.डी. करायचं म्हणतेय. विद्यापीठ निवडताना तिने एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीतला, क्रमांक बघावा का?’

मॅडम, नमस्कार.

आधी पैशांचं बोलू. दीड हजार देऊ नका. नीतीचा मुद्दा तुम्हाला माझ्याइतकाच कळतो, म्हणून व्यवहाराचा सांगतो. तुमच्याकडे वस्ती-वस्ती फिरून जमवलेली माहिती आहे. ती त्या जर्नलमध्ये छापून आली की ‘पूर्वप्रकाशित’ ठरते, आणि तोच मजकूर पुढे कुठलंही बरं नियतकालिक घेत नाही. म्हणजे दीड हजार रुपये भरून तुम्ही स्वतःचंच काम पुरून टाकाल. शिवाय नाव कायमचं चिकटतं. दहा वर्षांनी मुलाखतीला समोर बसलेल्या तज्ज्ञाने ते जर्नल शोधून काढलं, तर उरलेल्या चांगल्या पेपरांकडेही तो त्याच नजरेने बघेल.

आता तुमचा खरा प्रश्न, कोण ठरवतं? ज्याला विषय कळतो आणि ज्याने ते काम वाचलंय, तो. याखेरीज दुसरा मार्ग आजवर सापडलेला नाही. बाकी जे आकडे तुमच्या तोंडावर फेकले जातात, ते सगळे वाचायला वेळ नसलेल्यांनी शोधलेले किंवा उचललेले आडमार्ग आहेत. काही आडमार्ग उपयोगी असतात, हेही मान्य करतो. पण इम्पॅक्ट फॅक्टरचंच बघा. अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर संदर्भसूचीसाठी नियतकालिकं निवडायला ही कल्पना मांडली. एखाद्या नियतकालिकात मागल्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, म्हणजे इतर लेखांत त्यांचा किती वेळा उल्लेख झाला, एवढंच तो सांगतो. ग्रंथपालाला कुठल्या नियतकालिकाची वर्गणी भरावी हे ठरवायला ठीक. त्यातल्या एका लेखाबद्दल, किंवा तो लिहिणाऱ्या माणसाबद्दल, त्यातून काहीही कळत नाही, कारण मूठभर लेख ढीगभर संदर्भ खेचतात आणि बाकीचे त्या सरासरीवर मिरवतात. दुसरं म्हणजे, हा आकडा क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते. त्यांच्या यादीत नसलेल्या जर्नलने ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.२’ असं छापलं असेल, तर तो कुठून तरी विकत आणलेला किंवा घरी बनवलेला आकडा आहे. मग आला एच-इंडेक्स, २००५ साली, होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाकडून. एच-इंडेक्स दहा म्हणजे त्या माणसाच्या दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळालेत. तो माणसाला लागू होतो, पण विषय, वय आणि भाषा यांचं त्याला काही सोयरसुतक नाही. मराठीत लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स काढणं म्हणजे विहिरीची खोली रस्त्यावरून मोजणं. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संदर्भ मोजणाऱ्या जागतिक सूचींमध्ये मराठी नियतकालिकं जवळपास नाहीतच, तर संदर्भ मोजणार कुठून?

सरांचे सव्वीस पेपर कुठून आले, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१० च्या नियमावलीत एपीआय नावाची शिक्षकांना गुण देण्याची पद्धत आणली. पेपरला इतके गुण, पुस्तकाला इतके, सेमिनारला इतके, आणि बेरीज झाली की प्लेसमेंट, म्हणजे वरच्या श्रेणीत बढती. हेतू वाईट नव्हता. वशिल्याने होणाऱ्या बढत्यांना आकड्यांचा लगाम घालावा, असाच होता. पण शिकवणं आणि वाचणं हे ज्यांचं काम, त्या हजारो शिक्षकांना एकदम वर्षाला अमुक पेपर हवे झाले, आणि जिथे मागणी तिथे पुरवठादार. आयएसएसएन हा नियतकालिकांचा नोंदणी क्रमांक घेतला, वेबसाइट काढली, संपादक मंडळात परदेशी वाटणारी चार नावं घातली की जर्नल तयार. आपल्याकडे त्याला जोड मिळाली एकदिवसीय राष्ट्रीय सेमिनारची: सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्टिफिकेट आणि दीडदोनशे पेपरांचा जाडजूड स्पेशल इश्यू. तो इश्यू उघडणारा माणूस मला अजून भेटायचाय, निदान स्वतःचं पान सोडून दुसरं पान उघडणारा.

यूजीसीला हे दिसत होतं. म्हणून २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी आली, तीस हजारांहून मोठी. तिच्यात विद्यापीठांनी शिफारस केलेली जर्नलंही होती, आणि तिथेच पाणी मुरलं. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक विश्लेषण छापलं. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली, पण स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेली १,००९ जर्नलं त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांच्या आसपास निकृष्ट निघाली. कुणाचा पत्ताच नाही, कुणाचे संपादक सापडत नाहीत, कुणाचा आयएसएसएन चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे २०१९ मध्ये यूजीसीचीच केअर नावाची नवी यादी आली आणि तिच्यासाठी जर्नलं तपासण्याचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. मग केअर यादीतल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या. नाव तेच, आयएसएसएन तोच, पैसे मात्र भलत्याच्या खात्यात. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली, सुचवणीवजा निकष दिले आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठा-कॉलेजांवर टाकली. म्हणजे पंधरा वर्षं आकड्यांमागे धावून गाडी परत तिथेच आली: कुणीतरी वाचून ठरवा.

या हिशेबात संथ कामाची काय दशा होते, तेही सांगतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं, ते पुरं झालं १९६६ मध्ये. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. वि. स. सुकथनकरांनी १९२५ साली संपादनाची सूत्रं घेतली आणि आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ उजाडलं. एपीआयचा फॉर्म समोर ठेवला असता तर सुकथनकरांना त्या वर्षांत किती गुण पडले असते, हे मोजून बघण्याची माझी फार इच्छा आहे.

वाचून ठरवणं जमतं का? ब्रिटनमध्ये जमवतात, १९८६ पासून. विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन करणाऱ्या आताच्या पद्धतीला रेफ म्हणतात. तिची शेवटची पूर्ण झालेली फेरी २०२१ ची: १५७ संस्था, १,८५,५९४ प्रकाशनं, आणि ३४ विषयगटांची तज्ज्ञ मंडळं ती तपासायला. माणशी सरासरी अडीच प्रकाशनं द्यायची, जास्तीत जास्त पाच. तुमच्या सरांचे सव्वीस तिथे कुणी मागितलेच नसते. सर्वोत्तम निवडा आणि द्या, एवढंच. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किंवा क्रमांक विचारात घ्यायचा नाही, असा नियमच आहे. गुणांपैकी ६० टक्के या प्रकाशनांना, २५ टक्के संशोधनामुळे विद्यापीठाबाहेर काय बदललं त्याला, १५ टक्के संस्थेतल्या वातावरणाला. यावर सरकारी पैसा वाटला जातो, म्हणून सगळे गांभीर्याने घेतात.

तिथेही सगळं गोड नाही. २०२१ च्या फेरीचा खर्च ४७ कोटी पौंडांवर गेला आणि माणसं वर्षानुवर्षं तेच करत बसली. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा किस्सा तर प्रसिद्ध आहे. ज्या ‘हिग्ज बोसॉन’ या कणासाठी २०१३ साली नोबेल मिळालं, त्यावरचं काम १९६४ चं. त्यानंतर त्यांचे पेपर दहाही नाहीत. एडिंबराच्या विभागातून विचारणा यायची की अलीकडची प्रकाशनं कळवा, आणि हे कळवायचे, काही नाही. आजच्या दिवसात मला कुणी नोकरीवर ठेवलं नसतं, असं ते स्वतःच म्हणाले होते. ब्रिटिश विद्यापीठांच्या याच मूल्यमापनाबद्दल मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये लिहिलं होतं की मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. आपल्या स्पेशल इश्यूंनी ते फार मनावर घेऊन सिद्ध केलं.

तरी रेफची मंडळं वाचताना ज्या तीन गोष्टी बघतात, त्या मला पटतात: नवं काय, महत्त्वाचं काय, आणि काटेकोर किती. तुम्ही पत्रासोबत पाठवलेला गोषवारा मी याच तीन प्रश्नांनी वाचला. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलींचं शिक्षण: एक अभ्यास’ या नावाखाली ‘गरिबी हे मुख्य कारण’ असा निष्कर्ष काढणारे पेपर पोत्याने मिळतील. तुमचं म्हणणं वेगळं आहे. मुलगी फडावर जाते म्हणून शाळा सुटते असं सगळे धरून चालतात, पण तुमच्या गावांत गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलींचीही शाळा सुटते, कारण धाकट्या भावंडांचं आणि म्हाताऱ्यांचं सगळं तिच्यावर पडतं. हे नवं आहे. महत्त्वाचंही आहे, कारण हंगामी वसतिगृहाचा लाभ अशा मुलीला मिळतो की नाही, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

काटेकोरपणात मात्र मला दोन भोकं दिसली. सर्वेक्षण डिसेंबर ते फेब्रुवारीत झालंय. ऐन हंगामात तर निम्मं गाव कोयत्यावर गेलेलं असतं. तुम्हाला भेटली ती मागे राहिलेली कुटुंबं आणि मागे ठेवलेल्या मुली. फडावर गेलेल्या मुली नमुन्यात आल्याच नाहीत, किंवा फार थोड्या आल्या. मग ‘मागे राहिलेल्यांची शाळा जास्त सुटते’ असं तुम्ही कशाच्या तुलनेत म्हणता? जूननंतर, उचल घ्यायच्या आधी, सगळे घरी असताना त्याच गावांत पुन्हा एक फेरी करा. दुसरं, शाळा सुटली हे तुम्ही पटावरून ठरवलंय. पटावर नाव राहतं, मुलगी नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रोजची हजेरी मिळते का बघा, किंवा मुलीलाच विचारा की शेवटची वर्गात कधी बसलीस. हे दोन दुरुस्त झाले तर तुमचा चौथा पेपर असा होईल की तो वाचल्याशिवाय त्या विषयावर पुढे कुणाला लिहिता येणार नाही. आणि बघा, व्हॉट्सअ‍ॅपवाल्या जर्नलने हे दोन प्रश्न तुम्हाला विचारले असते का? तीन दिवसांत?

ठरवून काय फरक पडतो, असं तुम्ही विचारलंत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साडेपंचवीसवर आला. डिसेंबर १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरभेटी देणारा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तो एक पेपर होता, आणि तो टिकला याचं कारण ती तुलनेची ४७ गावं. ती नसती तर कुणीही म्हटलं असतं, पाऊस चांगला झाला असेल, रस्ता झाला असेल. उलट बाजूही त्याच ‘लॅन्सेट’मधली. मे २०२० मध्ये कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर एक मोठा पेपर आला, जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आपली त्या औषधाची चाचणी थांबवली, आणि दोन आठवड्यांच्या आत तो मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहिती तपासायला कुणालाच मिळेना. म्हणून नामांकित जर्नलचं नाव हाही पुरावा नव्हे. तुमच्या प्रश्नावल्या, हजेरीच्या नकला, नावं झाकलेल्या नोंदी जपून ठेवा. कुणी मागितल्या तर दाखवता आल्या पाहिजेत.

पगाराचं आणि नॅकचं. तुमच्या स्तराच्या बढतीचं कलम स्वतः वाचा. स्टाफरूममधल्या सांगोवांगीवर जाऊ नका. २०१८ च्या नियमावलीने एपीआय काढून टाकला आणि कॉलेजातल्या शिक्षकांवरचा पेपरांचा भार बराच हलका केला. प्रोफेसर पदाला मात्र पेपर लागतातच. सव्वीस कुठेच लागत नाहीत. नॅकच्या जुन्या आराखड्यात संलग्न कॉलेजासाठी १००० पैकी संशोधनाच्या आख्ख्या निकषालाच ११० ते १२० गुण, त्यात पेपरांचा वाटा लहानसा. तेवढ्यासाठी अख्खं कॉलेज व्हॉट्सअ‍ॅपवर पेपर काढत बसलं, तर उरलेले गुण कोण मिळवणार? प्राचार्यांना हे शांतपणे सांगा, सरांचं नाव न घेता. आणि एक सुचवा: आता यादी नाही, जर्नल पारखायची जबाबदारी कॉलेजवर आहे, तर आपण वर्षातून एकदा प्रत्येकाचा एकच, सर्वात चांगला पेपर बाहेरच्या विषयतज्ज्ञाकडून वाचून घेऊ. प्राचार्य हो म्हणतीलच असं नाही. पण सूचना कागदावर द्या आणि पोच घ्या.

पेपर पाठवायचा कुठे? मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’कडे. ते लेखकाकडून पैसे घेत नाहीत. वेळ घेतात, आणि नकारही येऊ शकतो. नकारासोबत कुणा वाचकाची टिपणं आली तर ती दीड हजाराच्या सर्टिफिकेटपेक्षा महाग समजा. त्याचबरोबर मराठीत वेगळा लेख लिहा, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारख्या ठिकाणी. भाषांतर नको. बीडच्या शिक्षणाधिकाऱ्याला आणि मुख्याध्यापिकेला जे कळायला हवं ते त्यात घाला. दुसरं कुठलं जर्नल कुणी सुचवलं तर त्याचा जुना अंक उघडून दोन लेख वाचा, आणि संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरच्या ईमेलवर विचारा की आपण खरंच या मंडळावर आहात का. उत्तरं कधी कधी फार करमणुकीची येतात. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल लबाड नसतं, परदेशातली चांगली जर्नलंही खुल्या प्रकाशनासाठी पैसे घेतात. पण तीन दिवसांत कुणी काही वाचत नाही.

आणि तुमची विद्यार्थिनी. एनआयआरएफचा क्रमांक तिने बघावा, पण पाच मिनिटं. विद्यापीठांच्या क्रमवारीत संशोधनाला साधारण ३० टक्के वजन आहे, आणि ते मुख्यतः स्कोपस व वेब ऑफ सायन्समधल्या पेपरांच्या आणि संदर्भांच्या मोजणीवर चालतं. मागे घेतलेल्या पेपरांसाठी गुण कापायला २०२५ पासून सुरुवात झाली, ते बरं झालं. पण हे सगळं अख्ख्या विद्यापीठाचं झालं. रसायनशास्त्राच्या पेपरांवर वर चढलेल्या विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग दोन माणसांवर चालत असू शकतो. तिला हवाय तो विभाग आणि तो गाईड. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या गाईडच्या हाताखाली झालेले प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, फुकट. दोन घ्यावेत. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचावं, प्रश्नावली बघावी, आणि दोन्ही प्रबंधांत गावाचं नाव बदलून तीच वाक्यं आलीत का तेही बघावं. २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती काढली आहे. तिचं विद्यापीठ स्वतःचा वेगळा नियम लावतं का, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावं, म्हणजे तिच्यावर तरी व्हॉट्सअ‍ॅप नंबर शोधायची पाळी येणार नाही. आणि त्या गाईडच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून एवढंच विचारावं, सरांनी तुमची प्रकरणं वाचली होती का.